आजोबांची कंबर आणि गोळीची परीक्षा

जमिनीवरून उठताना एक हात गुडघ्यावर टेकायचा, दुसरा कमरेवर ठेवायचा आणि "आई गं!" म्हणत उभे राहायचे, असे एखादे आजोबा तुमच्या घरी नाहीतर शेजारी असतीलच. कोणी आयुष्यभर भाताची लावणी केलेली असते, कोणी पोती वाहिलेली असतात, कोणी एस. टी. चालवलेली असते, तर कोणी नुसते खुर्चीत बसून हिशेब लिहिलेले असतात. कंबर मात्र सगळ्यांचीच दुखते.

असे एक आजोबा डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची एक पट्टी कायम असते. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ती दहा दिवसांसाठी लिहून दिली होती. दहा दिवस संपले, चिठ्ठी हरवली, पण गोळीचे नाव पाठ झाले. तेव्हापासून पट्टी संपली की नातवाला दुकानात पाठवायचे, हा क्रम चालू आहे. एके दिवशी नातू विचारतो,

"आजोबा, या गोळीने तुम्हांला खरंच बरं वाटतं का हो?"

"वाटतं म्हणजे काय! गोळी घेतली की तासाभरात मोकळा होतो बघ."

"मग पाच वर्षं झाली, अजून कंबर का दुखते?"

आजोबा हसतात आणि म्हणतात, "जा, अभ्यास कर."

आपण तेच करू या. नातवाचा प्रश्न चेष्टेचा नाही. एखादे औषध खरोखर उपयोगी पडते की नाही हे कसे ठरवायचे, हा विज्ञानातला फार मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला दोन फासे आणि खडूचे काही तुकडे एवढेच साहित्य पुरेल. पण आधी कंबर आणि गोळी या दोघांची ओळख करून घेऊ.

कमरेत काय दुखते?

आपल्या पाठीच्या कण्यात कमरेच्या भागात पाच मणके असतात. वरच्या धडाचा सारा भार तेच पेलतात, म्हणून ते इतर मणक्यांपेक्षा मोठे असतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी एक चकती असते. मणके एकमेकांना धरून ठेवायला अस्थिबंध असतात, कणा ताठ ठेवायला आणि वाकवायला स्नायू असतात आणि मणक्यांच्या फटींतून पायांकडे जाणारे मज्जातंतू बाहेर पडतात. यांपैकी कशातूनही दुखणे उद्भवू शकते.

दुखणे बारा आठवड्यांहून अधिक टिकले की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. आता एक गोष्ट ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. कंबर दुखणाऱ्या दर दहांपैकी सुमारे नऊ जणांत, अमुक एका ठिकाणी अमुक बिघाड झाला म्हणून दुखते, असे नेमके बोट ठेवता येत नाही. क्ष-किरणांचे किंवा एम. आर. आय.चे चित्र काढले की सारे कळेल, असे आपल्याला वाटते. परंतु ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या चित्रांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा असे दिसले, की विशीतल्या निरोगी तरुणांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्या झिजू लागलेल्या होत्या, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के माणसांच्या. म्हणजे चकतीची झीज बहुतेकांच्या बाबतीत केस पिकण्यासारखीच आहे. ती दिसते, पण दुखतेच असे नाही.

हे दुखणे थोड्याथोडक्यांचे नव्हे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या विकारांत तिचा क्रमांक पहिला लागतो. तेव्हा या गोळीची परीक्षा घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

गोळी काय करते?

दारात बोट चेमटले की काय होते ते आठवा. बोट लाल होते, गरम होते, सुजते आणि ठणकते. याला दाह म्हणतात. इजा झालेल्या पेशींच्या आवरणातून एक स्निग्धाम्ल सुटते. पेशीतले एक विकर त्याचे रूपांतर करते आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करतात आणि वेदना वाहून नेणारे मज्जातंतू हळवे करून ठेवतात. म्हणूनच ठणकणाऱ्या बोटाला नुसता धक्का लागला तरी जीव कळवळतो. या विकराचे नाव सायक्लोऑक्सिजनेज. लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला 'कॉक्स' म्हणू.

आजोबांची गोळी या कॉक्स विकराला अडवते. विकर अडले की प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होते, आणि ते कमी झाले की सूज आणि ठणका ओसरतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, असेक्लोफेनॅक ही अशा औषधांची नावे. त्यांना दाहशामक वेदनाशामके म्हणतात. पॅरासिटामॉल मात्र या गटातले नव्हे. ते ताप आणि दुखणे कमी करते, पण सूज फारशी कमी करत नाही.

ही किमया माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होती, कारण मात्र ठाऊक नव्हते. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन नावाच्या धर्मोपदेशकाने १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले, की विलो झाडाच्या सालीची पूड सुमारे पन्नास तापकऱ्यांना देऊन त्याला चांगला गुण दिसला. आपल्याकडे ओढ्याकाठी आढळणारे वाळुंज हे झाड याच विलोच्या कुळातले. सालीतील द्रव्याशी नाते सांगणारे ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल १८९७ साली जर्मनीत फेलिक्स हॉफमान याने शुद्ध स्वरूपात बनवले आणि १८९९ मध्ये ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. पुढे सत्तरांहून अधिक वर्षे जगाने ॲस्पिरिन घेतले, पण ते चालते कसे हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गिनीपिगच्या फुप्फुसाचा अर्क घेऊन दाखवून दिले, की ॲस्पिरिनमुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचे थांबते. या कामासाठी त्याला १९८२ चे नोबेल पारितोषिक आणखी दोघांबरोबर मिळाले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही गोळी धोक्याची घंटा हळू वाजवायला लावते. झिजलेली चकती ती भरून काढत नाही आणि अशक्त झालेल्या स्नायूला बळही देत नाही. गोळीचा अंमल काही तासांत संपतो. पाच वर्षे घेऊनही कंबर का दुखते, या नातवाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याला येथेच मिळाले.

"मला बरे वाटले" हा पुरावा होतो का?

आता प्रयोगाकडे वळू. वर्गात ३६ मुले आहेत असे समजा. प्रत्येकाने दोन फासे एकदम टाकायचे आणि बेरीज वहीत लिहायची. ही बेरीज म्हणजे त्या दिवशीचे कमरेचे दुखणे. २ म्हणजे अगदी थोडे, १२ म्हणजे असह्य.

दुखणे थोडे असताना कोणी दवाखान्यात जात नाही. म्हणून ज्यांची बेरीज ९ किंवा त्याहून अधिक आली तेवढ्यांनीच पुढे यायचे. अशी साधारण दहा मुले असतील. त्यांच्या दुखण्याची सरासरी काढा. ती १० च्या आसपास येईल. आता गुरुजींनी प्रत्येकाच्या हातावर खडूचा एक तुकडा ठेवायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "हे फार गुणकारी औषध आहे. खिशात ठेव." मग या दहा जणांनी पुन्हा फासे टाकायचे.

काय दिसेल? नवी सरासरी ७ च्या आसपास येईल. दहांपैकी सात जण तरी ९ च्या खाली उतरतील. दुखणे १० वरून ७ वर आले! खडूच्या तुकड्याने केवढा गुण दिला!

तुम्ही हसाल, कारण फाशांवर खडूचा परिणाम होत नाही हे तुम्हांला पक्के ठाऊक आहे. मग सरासरी का उतरली? दोन फाशांच्या बेरजेची खरी सरासरीच ७ आहे. आपण मुद्दाम वाईट दान पडलेलीच मुले निवडली. त्यांचे पुढचे दान बहुधा पहिल्यापेक्षा बरे पडणारच होते.

जुनाट कंबरदुखीचे असेच असते. ती रोज सारखी नसते, तिला भरती-ओहोटी असते. भरती आली की माणूस गोळी घेतो, नंतर ओहोटी लागते आणि श्रेय गोळीला मिळते. यात आणखी एक भर पडते. डॉक्टरांनी तपासले, औषध दिले, आता बरे वाटेल, या भरवशानेही वेदना खरोखर काही प्रमाणात कमी जाणवते. आजोबा खोटे बोलत नाहीत. त्यांना बरे वाटले हे खरेच आहे. ते कशामुळे वाटले, हे मात्र एकट्या आजोबांकडे पाहून सांगता येत नाही.

मग परीक्षा कशी घ्यायची?

प्रयोगात थोडा बदल करा. पुढे आलेल्या दहा जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. एका गटाला लाल खडू द्या, दुसऱ्याला पांढरा. दोन्ही गटांचे दुखणे उतरेल. आता लाल खडू गुणकारी आहे का, हे ठरवायला लाल गट किती उतरला एवढे पाहून भागणार नाही. पांढऱ्या गटापेक्षा तो किती *अधिक* उतरला हे पाहायला हवे.

औषधांची खरी चाचणी अशीच होते. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली लटकी गोळी देतात. या लटक्या गोळीला प्लासीबो म्हणतात. कोणाला कोणती मिळाली हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते, नाहीतर अपेक्षेचा रंग उत्तरात मिसळेल. अर्थात, आपण अशा चाचणीत आहोत आणि आपल्याला लटकी गोळीही मिळू शकते, हे रोग्याला आधी सांगून त्याची संमती घेतलेली असते.

आणखी एक अडचण तुमच्या लक्षात येईल. पाच-पाच मुलांच्या गटांत लाल गटाची सरासरी ६ आणि पांढऱ्याची ८ अशी निव्वळ योगायोगानेही येऊ शकते. प्रयोग चार-पाच वेळा केलात तर कधी लाल जिंकेल, कधी पांढरा. गट जितके मोठे, तितका योगायोगाचा वाटा कमी. म्हणून खऱ्या चाचण्यांत शेकडो माणसे लागतात.

अशी परीक्षा कधी कधी मोठा धक्का देते. कंबर नुकतीच धरली असेल तर पॅरासिटामॉल द्यावे, असे जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत होते. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १,६५२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना बरे व्हायला सर्वसाधारणपणे १७ दिवस लागले. लटकी गोळी घेणाऱ्यांना लागले १६ दिवस!

आजोबांच्या गोळीचा निकाल

दाहशामक गोळ्यांचा निकाल त्याहून बरा आहे. जुनाट कंबरदुखीवर या गोळ्यांच्या जेवढ्या चांगल्या चाचण्या झाल्या होत्या त्या एकत्र करून २०१६ साली 'कॉक्रेन' या संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या सहा चाचण्यांत, मिळून १,३५४ रुग्णांमध्ये, खऱ्या गोळीची लटक्या गोळीशी तुलना केलेली होती.

दुखणे मोजण्याची रीत सोपी असते. १०० मिलिमीटरची एक रेघ असते. डावे टोक म्हणजे मुळीच दुखत नाही, उजवे टोक म्हणजे याहून अधिक दुखूच शकत नाही. रुग्णाने आपल्या दुखण्याप्रमाणे रेघेवर खूण करायची. खऱ्या गोळीचा गट लटक्या गोळीच्या गटापेक्षा सरासरी किती अधिक उतरला असेल असे तुम्हांला वाटते? पन्नास? तीस?

उत्तर आहे ७. शंभरांपैकी सात.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. समजा, दोन्ही गटांची खूण सुरुवातीला ६० वर होती आणि लटक्या गोळीचा गट ४५ वर आला. तर खऱ्या गोळीचा गट ३८ वर येईल. खरी गोळी घेणारा म्हणेल, "माझे दुखणे २२ ने कमी झाले." पण त्यातले १५ लटक्या गोळीनेही कमी झालेच असते. गोळीची स्वतःची कमाई ७.

संशोधक १० पेक्षा कमी फरकाला लहान फरक मानतात. म्हणजे गोळी अगदीच निकामी आहे असे नाही, आणि रामबाण तर मुळीच नाही. शिवाय ७ ही सरासरी आहे. एखाद्याला तिचा जास्त उपयोग होईल, एखाद्याला काहीच होणार नाही. आणि आणखी एक महत्त्वाची गोष्ट: या चाचण्या काही आठवड्यांपुरत्या होत्या. आजोबा गोळी घेत आहेत पाच वर्षे. त्या पाच वर्षांना या चाचण्यांचा आधार नाही.

फरक इतका लहान का, याचे कारण तुम्ही आता ओळखू शकाल. पाय मुरगळला तर सूज असते, प्रोस्टाग्लँडिन भरपूर असते, म्हणून ही गोळी तिथे चांगली लागू पडते. जुनाट कंबरदुखीत मात्र बहुतेकांच्या बाबतीत ठळक दाह उरलेला नसतो. मूळ इजा केव्हाच भरून आलेली असते, पण मज्जासंस्थेला हळवेपणाची सवय लागलेली असते. चोर गेला तरी राखणीचा कुत्रा पान हलले तरी भुंकत राहतो, तसे काहीसे होते. त्यात अपुरी झोप, काळजी आणि हालचाल टाळल्यामुळे लुळे पडत चाललेले स्नायू यांची भर पडते. यातले बरेच काही कॉक्स विकराच्या वाटेने जात नाही. मग त्या विकराला अडवून किती फरक पडणार?

गोळीची किंमत

फायदा थोडा असला तरी तोटा काहीच नसेल, तर घ्यायला काय हरकत आहे, असे कोणी म्हणेल. पण प्रोस्टाग्लँडिन हे काही केवळ दुखवण्यासाठी नसते. जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत आवरण असते, म्हणून जठरातले तीव्र आम्ल जठरालाच जाळत नाही. हे आवरण टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते. गोळी कमरेतले प्रोस्टाग्लँडिन वेगळे आणि जठरातले वेगळे असे ओळखत नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते. म्हणून काहींना जळजळ होते, काहींना जठरात व्रण होतो आणि कधी कधी त्यातून रक्तस्रावही होतो. गोळी अनशापोटी न घेता जेवणानंतर घेतली म्हणजे हा धोका संपला, असेही नाही. कारण तो जठरात पडलेल्या गोळीपेक्षा रक्तात शिरलेल्या औषधामुळे अधिक उद्भवतो.

मूत्रपिंडाकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या, विशेषतः म्हातारपणी किंवा शरीरात पाणी कमी पडले असता, मोकळ्या ठेवण्याचे कामही प्रोस्टाग्लँडिन करते. ते अडले की मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर ही गोळी घेतली तर धोका वाढतो. आजोबांच्या खिशात दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी असतात की नाही, ते पाहा.

कॉक्स विकराचे दोन प्रकार आहेत, हे १९९० नंतर कळले. एक जठराची राखण करणारा, दुसरा मुख्यतः दाहाच्या वेळी जागा होणारा. तेव्हा केवळ दुसऱ्यालाच अडवणारी औषधे बनवली, तर जठरही सुरक्षित राहील आणि वेदनाही कमी होईल, असे शास्त्रज्ञांना वाटले. कल्पना सुंदर होती. त्यातले रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ साली बाजारात आले. परंतु ते दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके अधिक येतात असे चाचण्यांत दिसले आणि सप्टेंबर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. पुढे असे आढळले, की या गटातील इतर बऱ्याच गोळ्याही, विशेषतः मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेतल्या तर, हृदयाला कमीअधिक धोका पोहोचवू शकतात.

ही औषधे किती सामर्थ्यवान आहेत याचा एक दुःखद दाखला आपल्या आकाशानेच दिला आहे. आजोबांच्या लहानपणी मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडे गावोगावी दिसत. भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडेना. अखेर २००४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की गुराढोरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर भारतात बंदी आली. गिधाडांचे शरीर या औषधापुढे माणसापेक्षा कितीतरी दुबळे आहे, तेव्हा आजोबांचेही तसेच होईल असे समजू नका. पण दुकानात सहज मिळते ते निरुपद्रवीच असते, हा समज मात्र सोडून द्या.

मग आजोबांनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात दाहशामक गोळ्या देता येतील असे म्हटले आहे, पण तोटा लक्षात घेऊन. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती करून देणे आणि मनाला आधार देणारे उपचार यांनाही त्यात स्थान आहे. कमरेला पट्टा बांधणे किंवा वजने लावून कंबर ताणणे यांची मात्र त्यात शिफारस नाही. अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१७ साली असाच क्रम सांगितला: आधी व्यायामासारखे बिनऔषधी उपाय, ते पुरे पडले नाहीत तर ही गोळी, तीही कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस.

पूर्वी कंबर धरली की फळीवर पडून राहा असे सांगत. आता तो सल्ला मागे पडला आहे. पडून राहिल्याने स्नायू आणखी अशक्त होतात. उलट चालण्याचा गुण पाहा. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर केलेल्या एका चाचणीचा निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. ही सारी माणसे कंबरदुखीतून नुकतीच बरी झालेली होती. त्यांपैकी ज्यांना मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवायला शिकवले, त्यांची कंबर पुन्हा दुखू लागायला सर्वसाधारणपणे २०८ दिवस लागले. बाकीच्यांना लागले ११२ दिवस. चालण्याला पैसे पडत नाहीत आणि त्याने मूत्रपिंडही बिघडत नाही.

आता तुमचे काम. घरी जाऊन आजोबांची पट्टी खिडकीबाहेर फेकून देऊ नका! ती गोळी घ्यावी की सोडावी हे आजोबांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे आहे. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची लहान गोळी तर परस्पर कधीच बंद करायची नसते. तुम्ही करायचे ते निरीक्षण. एक वही करा. रोज रात्री आजोबांना विचारून चार गोष्टी लिहा: आज दुखणे ० ते १० यांत किती, गोळी घेतली का, किती, किती वेळ चालले, झोप कशी लागली. पट्टीवरचे बारीक अक्षरातले औषधाचे मूळ नाव वाचा. व्यापारी नावे वेगळी असली तरी दोन पट्ट्यांत एकच औषध असू शकते, आणि मग नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. महिन्याभराची ही वही घेऊन आजोबांबरोबर डॉक्टरांकडे जा. पाच वर्षांत जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो ती वही विचारील.

एक सूचना मात्र पक्की ध्यानात ठेवा. कंबरदुखीबरोबर ताप येत असेल, विनाकारण वजन घटत असेल, पाय लुळा पडत असेल, जांघेतला भाग बधिर होत असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर वहीची वाट पाहू नका. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. शौचाला काळे डांबरासारखे होणे हे जठरातून रक्त जात असल्याचे लक्षण असू शकते. तेव्हाही विलंब नको.

आजोबा अजून म्हणतील, "गोळीने मला बरं वाटतं." त्यांना खोटे पाडू नका. त्यांच्याजवळ बसून म्हणा, "आजोबा, उद्यापासून संध्याकाळी देवळापर्यंत आपण दोघं चालत जायचं. मी वहीत लिहीत जाईन." कोण जाणे, महिनाअखेर वहीतले आकडे पाहून तेच तुम्हांला म्हणतील, "चल, आज जरा पुढच्या वळणापर्यंत जाऊ."

करून पाहा, विचार करा

१. फाशांचा प्रयोग वर्गात करा. लाल आणि पांढऱ्या खडूच्या गटांच्या सरासरीतील फरक पाच वेळा मोजा. तो प्रत्येक वेळी सारखाच येतो का? का येत नाही?

२. "आमचे तेल लावून हजारो लोकांची कंबरदुखी गेली," अशी जाहिरात तुम्ही वाचलीत. ही जाहिरात करणाऱ्याला तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?

३. दोन फाशांची बेरीज ९ किंवा अधिक येण्याचे ३६ पैकी १० प्रकार कोणते, ते लिहून काढा आणि त्यांची सरासरी १० येते हे पडताळून पाहा.

४. लटक्या गोळीनेही बरे वाटते, मग डॉक्टरांनी रुग्णाला न सांगता तीच का देऊ नये? वर्गात यावर दोन बाजूंनी चर्चा करा.